आपण कुठले?



आज मी तुम्हाला कोरियन भाषेतला एक प्रश्न शिकवणार आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं बोरी अरब, आणि तिथल्या एका कवीने कोरियन शिकवायचं, हे जरा जास्तच होतंय, हे मला कबूल आहे. पण त्याला कारण घडलं. माझी धाकटी मुलगी पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत कामाला आहे. रांजणगाव, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या बऱ्याच आल्या. ह्युंदाईने तर २०२३ मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला. साहेब तिकडचे, कामगार इकडचे, मग मध्ये दोन्हीकडचं समजणारी माणसं लागतात. मुलीने आधी मालिका पाहून आणि नंतर रीतसर क्लास लावून ती भाषा शिकून घेतली.

ईदला ती घरी आली होती. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन म्हणाली, "अब्बा, अनोळखी माणसाला तो कोणत्या देशाचा आहे हे विचारायचं तर कोरियनमध्ये चार तऱ्हा आहेत. तऱ्हा चुकली तर समोरचा काही बोलत नाही. फक्त चेहरा बदलतो."

मी म्हटलं, "हे तर आपल्याकडेही आहे. सांग बरं."

पहिली तऱ्हा म्हणजे 'ऑनु नारा सारामिएयो?' ऑनु म्हणजे कोणता, नारा म्हणजे देश, साराम म्हणजे माणूस. कोणत्या देशाचे माणूस तुम्ही? व्याकरणाने यात काही चूक नाही. शेवटी 'यो' लावलेला आहे, म्हणजे थोडा मानही आहे. बरोबरीच्या मित्राला, वर्गातल्या मुलाला असं विचारलं तर चालून जातं. पण वडीलधाऱ्याला, पाहुण्याला, पहिल्यांदा भेटणाऱ्याला विचारलं तर कानाला खटकतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे 'ऑनु नारा बुनिसेयो?' इथे साराम जाऊन बुन आला. अर्थ माणूस असाच, पण आदराचा. आपण जसं 'बाई आल्या' म्हणण्याऐवजी 'बाईसाहेब आल्या' म्हणतो, तसं काहीसं. शिवाय क्रियापदाच्या पोटात 'सी' किंवा 'शी' असा एक आवाज शिरतो आणि सगळं वाक्य नम्र होतं. त्याच्याही आधी 'शिल्लेजीमान' म्हटलं तर अधिक चांगलं. म्हणजे माफ करा, पण जरा विचारतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे कोणत्या देशातून आलात, असं विचारणं. यात माणसाला तुम्ही अमुक आहात असं चिकटवत नाहीत, फक्त त्याचा प्रवास विचारतात. आणि चौथी कचेरीतली. 'गुकचॉगी ऑत्तॉखे द्वेसेयो?' गुकचॉक म्हणजे राष्ट्रीयत्व. शब्दशः सांगायचं तर, 'राष्ट्रीयत्व कसं काय होतं आपलं?' नाव विचारतानाही तसंच, वय विचारतानाही तसंच. आणि नाव, वय हे शब्दसुद्धा बदलतात. आपलं स्वतःचं नाव ते 'इरुम', समोरच्या मोठ्या माणसाचं नाव ते 'सॉंगहाम'. मुलाचं वय ते 'नाई', आजोबांचं वय ते 'यॉन्से'.

यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली ही, की या चारही प्रश्नांत 'तुम्ही' हा शब्दच येत नाही. कोरियनमध्ये 'तांगशिन' असा शब्द आहे, पण अनोळखी माणसाला तोंडावर तो म्हणायचा नसतो. भांडणातच तो जास्त ऐकू येतो म्हणे. माणसाकडे बोट न दाखवता त्याच्याविषयी विचारायचं. दुसरी गोष्ट अशी, की 'बुन' हा आदराचा शब्द स्वतःला कधीच लावायचा नाही. मला विचारतील तेव्हा 'बुन' म्हणतील, पण मी उत्तर देताना म्हणायचं, 'चॉनुन इन्दो सारामिएयो', मी हिंदुस्थानातला साधा माणूस. मान दुसऱ्याने द्यायचा, आपण घ्यायचा नाही.

आणि 'नारा' या शब्दाने तर मला हसूच आलं. आपल्याकडे नारा म्हणजे घोषणा. त्यांच्याकडे नारा म्हणजे देश.

मुलगी म्हणाली, "अब्बा, वऱ्हाडीत हे सगळं एका अक्षरात होतं." खरंच की. आमच्याकडे एस.टी. स्टँडवर कोणी नवा माणूस दिसला, की पाराजवळचा म्हातारा विचारतो, "कोन्या गावचे जी तुमी?" त्या 'जी'मध्ये 'शिल्लेजीमान' आलं, 'बुन' आलं, सगळं आलं. 'जी' काढून टाका आणि पुन्हा म्हणून पाहा. प्रश्न तोच राहतो, पण फौजदाराने विचारल्यासारखा वाटतो.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण मुलगी पुण्याला परत गेल्यावर तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण श्रोतेहो, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलेला आहे.

माझ्या गावाचं नावच पाहा. बोर या झाडावरून बोरी. या नावाची गावं आपल्या मुलखात बरीच आहेत, म्हणून ओळखीसाठी पुढे काहीतरी जोडावं लागतं. आमच्या बोरीला 'अरब' जोडलेलं आहे. आता गावाच्या नावात अरब आणि माझ्या नावात मुसलमानपण. बाहेरगावी कोणी गाव विचारलं आणि मी 'बोरी अरब' म्हटलं, की काही लोकांना माझा सगळा इतिहास कळल्यासारखं होतं. वास्तविक बोरी अरबमध्ये सगळ्या जातीधर्माची माणसं राहतात आणि ती सगळीच बोरी अरबची आहेत. अडाण नदीला पूर आला की पाणी कोणाला त्याचं गाव विचारत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शहरात कविसंमेलन होतं. शहराचं नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही. माझी कविता झाली, टाळ्याही बऱ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. सज्जन माणूस होता. बोलण्यात अतिशय गोडवा होता. म्हणाले, "वा! तुमची मराठी फारच सुंदर आहे हो. आपण मूळचे कुठले?"

मी म्हटलं, "बोरी अरब. यवतमाळ जिल्हा."

ते हसले. म्हणाले, "ते झालं हो. पण त्याच्या आधी?"

मी म्हटलं, "आधी वडील तिथलेच. आजोबाही तिथलेच."

"हो, हो, पण मुळात?"

आता पाहा, या माणसाच्या बोलण्यात एकही शब्द उद्धट नव्हता. 'आपण' म्हणाले होते. 'हो' म्हणाले होते. आवाज मऊ होता. कोरियनमध्ये असते तर नक्की 'बुन' म्हणाले असते. तरीही मी हातातला चहा अर्धा ठेवून बाहेर आलो. तेव्हा मला वाटलं, की मी उगीच चिडलो. प्रश्न तर सभ्य होता. मग टोचलं काय?

पुष्कळ वर्षं मला त्याचं उत्तर सापडलं नाही. त्या माणसाला मी मनातल्या मनात बरीच भाषणं दिली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, हे सांगितलं. अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली, हे सांगितलं. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही सांगितलं. आणि हेही सांगितलं, की आमच्या घरात जी बोलतात ती उर्दू कमी आणि वऱ्हाडी जास्त. माझ्या अम्मीने मला पहिली म्हण सांगितली ती मराठीत, पहिली शिवी दिली तीही मराठीत. पण ही भाषणं देताना मला आतून कळत होतं, की पुरावे मांडणारा माणूस आधीच पिंजऱ्यात उभा असतो.

उत्तर मिळालं ते निराळ्याच जागी. यवतमाळहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघालो होतो. शेजारच्या सीटवर विशी-बाविशीतला एक मुलगा होता. गोरा, बारीक डोळ्यांचा, कानात ते वायर घातलेलं. मला गप्पा मारायची सवय. मी विचारलं, "बेटा, कौन से मुल्क के हो?"

त्याने कानातलं काढलं आणि शांतपणे म्हणाला, "इंडिया, अंकल. मणिपूर."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण श्रोतेहो, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, "वो तो ठीक है. लेकिन असल में?"

त्याने माझ्याकडे एक क्षण पाहिलं. रागाने नाही. फार थकलेला माणूस पाहतो तसं. मग कानातलं परत घातलं आणि खिडकीकडे तोंड केलं. गाडी पुण्याला पोचेपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो, पण एकही शब्द बोललो नाही. अंधारात मला कविसंमेलनातले ते गोड बोलणारे गृहस्थ आठवत होते. त्यांच्यात आणि माझ्यात काही फरक उरला नव्हता.

त्या मुलाने तो प्रश्न किती वेळा ऐकला असेल? ईशान्येकडची मुलं नोकरीसाठी, शिक्षणासाठी दिल्लीला, बंगळूरला, पुण्याला येतात आणि आपल्याच देशात रोज परदेशी ठरतात. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून चिडवलं गेलं, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली. म्हणजे 'तू कुठला?' या प्रश्नावर आपल्या देशात समिती नेमावी लागली आहे. माझा प्रश्न काही मारहाणीचा नव्हता, पण त्याच रस्त्यावरचा होता. तो मैल दोन मैल अलीकडचा होता, एवढंच.

तेव्हा मला कळलं, की कविसंमेलनात टोचला तो पहिला प्रश्न नव्हताच. 'आपण कुठले?' हा प्रश्न चांगला आहे. माणसाने माणसाला विचारावा असाच आहे. टोचतो तो दुसरा. 'त्याच्या आधी?', 'मुळात?', 'असल में?' याचा अर्थ असा, की तुम्ही दिलेलं उत्तर मी ऐकलं, पण मानलं नाही. उत्तर माझ्याजवळ आधीच तयार आहे, ते तुमच्या तोंडून निघेपर्यंत मी विचारत राहणार. मग त्यात कितीही 'आपण' आणि कितीही 'जी' घाला, तो प्रश्न राहत नाही, झडती होते.

कोरियनची गोष्ट सुरू केली आहे, तर याच प्रश्नाची तिकडची एक हकीकत सांगतो. तिच्यात एक मराठी माणूस आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ती ठाऊक असते.

कोरियाचं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं. देशाचे दोन तुकडे झाले होते, उत्तर आणि दक्षिण. अडचण होती युद्धकैद्यांची. बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी असे होते, की आम्हाला परत जायचं नाही, असं ते म्हणत होते. त्यांचं खरं म्हणणं काय, ते स्वतःच्या मनाने बोलतात की कोणाच्या धाकाने, हे ठरवायचं कोणी? त्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे आलं आणि जनरल थिमय्या अध्यक्ष झाले. कैद्यांची राखण करायला भारतीय फौज गेली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूर भागातले.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीयांवर इतके नाराज होते, की आमच्या भूमीवर भारतीय सैनिकाचा पाय लागू देणार नाही, म्हणाले. म्हणून आपले जवान जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही देशांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तिथे त्यांनी आपली छावणी उभारली. नाव ठेवलं हिंद नगर. कैदी चिडलेले, संशयाने भरलेले. एकदा त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यालाच आत पकडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं.

ऑक्टोबर ते डिसेंबर १९५३ या काळात तिथल्या तंबूंमध्ये एकेका कैद्याला आणून बसवायचे. त्याच्या देशाचे प्रतिनिधी त्याला समजावायचे, की घरी चल. शेवटी सवाल एकच, तू कोणत्या देशाचा? आणि तो नम्रपणे विचारलेला असो की नसो, उत्तर देणं भाग होतं. एका बाजूने गेलं तर हा देश, दुसऱ्या बाजूने गेलं तर तो. ज्याचं गाव उत्तरेत आणि भाऊ दक्षिणेत, त्याने काय सांगावं? कित्येक कैदी तर तंबूत यायलाच तयार नव्हते. बहुतेकांनी परत जायचं नाकारलं, काहीशे परत गेले. आणि थोडेसे असे निघाले, की ज्यांनी दोन्ही देशांना नको म्हटलं. ते म्हणाले, आम्हाला तिसऱ्याच देशात पाठवा. अशा ८८ जणांना घेऊन १९५४ च्या फेब्रुवारीत जहाज भारताकडे निघालं. त्यातले बरेचजण पुढे ब्राझीलला आणि अर्जेंटिनाला गेले. मोजके इथेच राहिले, इथलेच झाले.

या घटनेवर चोई इन-हून नावाच्या लेखकाने १९६० साली कादंबरी लिहिली. 'चौक' किंवा 'मैदान' असा तिच्या नावाचा अर्थ होतो. कोरियात ती अजून शाळा-कॉलेजांतून वाचली जाते. तिचा नायक दोन्ही बाजूंनी विचारल्यावर तटस्थ देश हेच उत्तर पुन्हा पुन्हा देतो आणि भारताकडे येणाऱ्या जहाजावर चढतो. लेखकाने त्या जहाजाचं नाव टागोर ठेवलं आहे. पण नायक भारतात पोचत नाही. वाटेत समुद्रातच तो नाहीसा होतो.

त्या नायकाविषयी ऐकलं तेव्हा मला बसमधला तो मणिपुरी मुलगा आठवला. एक उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं लागणं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक होतं. माणूस एकदा उत्तर देतो, दोनदा देतो, मग खिडकीकडे तोंड करतो.

आता शेवटची गोष्ट, आमच्या गावातली.

माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मुलीने तिच्या कंपनीतल्या एका कोरियन इंजिनिअरला बोलावलं होतं. पन्नाशीचा माणूस, शांत, थोडा लाजरा. बोरी अरबमध्ये असा पाहुणा पहिल्यांदाच आलेला. पोरं मागे मागे फिरत होती, सेल्फी घेत होती. मी मात्र मनातून धास्तावलो होतो. कोण काय विचारेल, काही सांगता येत नव्हतं. चायनीज म्हणतील, चाऊमीन म्हणतील, आणखी काही म्हणतील.

संध्याकाळी मांडवात मीच पुढे होऊन पाठ केलेलं वाक्य म्हणणार होतो. पण मुलीने अडवलं. म्हणाली, "अब्बा, ते कोरियाचे आहेत हे तुम्हाला माहीत आहे ना? मग देश कशाला विचारता? गाव विचारा." आणि तिने मला नवं वाक्य दिलं, 'गोह्यांगी ऑदिसेयो?' गोह्यांग म्हणजे जन्मगाव, जिथे आपली नाळ पुरलेली असते ते. आपलं गाव कुठलं?

मी विचारलं. पाहुण्याला माझं कोरियन ऐकून फार आनंद झाला. पण उत्तर देण्याआधी तो क्षणभर थांबला. श्रोतेहो, ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. बोरी अरब म्हणण्याआधी मी असाच थांबतो.

मग तो म्हणाला, "चॉल्ला."

रात्री मुलीने मला समजावून सांगितलं. चॉल्ला हा दक्षिण कोरियाच्या नैऋत्येकडचा भाग. भातशेतीचा. सत्ता आणि कारखाने बरीच वर्षं दुसऱ्या भागांकडे राहिले, आणि चॉल्लाच्या माणसांविषयी नाही नाही ते बोललं गेलं. त्यांच्या बोलीची टर उडवली गेली. लोकशाहीसाठी १९८० मध्ये ग्वांगजू शहरात उठाव झाला आणि लष्कराने तो चिरडला, ते शहर याच भागातलं. २०२४ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हान कांग यांचा जन्म त्याच शहरातला. नोकरीच्या मुलाखतीत चॉल्लाचं गाव सांगायचं की नाही, असा प्रश्न तिथल्या कितीतरी पोरांना पडत आला. शेवटी २०१९ च्या जुलैपासून तिथे कायदाच आहे, की तीस किंवा जास्त माणसं कामावर असतील अशा ठिकाणी नोकरी देताना उमेदवाराचं जन्मस्थान विचारायचं नाही. त्याचं लग्न झालं की नाही, आईबापाकडे पैसा किती, तेही विचारायचं नाही.

म्हणजे एवढी अदब असलेल्या भाषेतही 'आपलं गाव कुठलं?' हा प्रश्न बंद करायला कायदा करावा लागला. 'बुन' होता, 'सी' होता, माफ कराही होतं. पण दुसरा प्रश्न मनातल्या मनात विचारला जात होता. 'अच्छा, चॉल्लाचा काय?' तो ओठांवर येत नसेल, पण नोकरी मात्र जात होती.

आता मांडवात काय झालं ते सांगतो. पाहुणा 'चॉल्ला' म्हणाला आणि थोडा अवघडून उभा राहिला. माझ्या बाजूला आमच्या गल्लीतले एक म्हातारे शेतकरी बसले होते. सत्तर-पंचाहत्तर वय, धोतर, डोक्याला टापर. त्यांना ना कोरिया माहीत, ना चॉल्ला. त्यांनी नाव नीट ऐकून घेतलं, एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि विचारलं, "तिकडं काय पेरता जी तुमी?"

मुलीने भाषांतर केलं. पाहुणा म्हणाला, भात. माझे वडील भातच लावायचे.

म्हातारे म्हणाले, "मंग पानी लय लागत असन. पाऊस बरोबर येते का जी?"

आणि मग पुढचा अर्धा तास त्या दोघांचं जे चाललं ते विचारू नका. एकजण वऱ्हाडीत, एकजण कोरियनमध्ये, मध्ये माझी मुलगी घामाघूम. पाऊस लांबला तर काय करता, मजूर मिळतात का, पोरं शेतात राहतात की शहराकडे पळतात, भाव कोण ठरवतं. पाहुण्याने सांगितलं, आमच्याकडेही खेड्यात म्हातारेच उरले आहेत. आमच्या म्हाताऱ्यांनी मान हलवली, जणू शेजारच्या गावची खबर ऐकली. पाहुणा मघाशी अवघडला होता, ते आता त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनीही दुसरा प्रश्न विचारलाच होता की! पण त्यांचा दुसरा प्रश्न पाहुण्याच्या उत्तराच्या पुढे गेला. आम्ही शिकलेली माणसं उत्तराच्या मागे जातो. 'त्याच्या आधी कुठले?' आणि 'तिकडं काय पेरता?' एवढाच फरक आहे. एका प्रश्नात तुमच्या उत्तरावर शंका आहे, दुसऱ्यात तुमच्या उत्तरावर विश्वास. तुम्ही सांगितलं ते गाव तुमचं, यावर चर्चाच नाही. आता त्या गावचं काय ते सांगा.

मी बी.ए.पर्यंत शिकलो, कवितांची पुस्तकं काढली, पण सभ्यपणे विचारणं म्हणजे काय, हे मला त्या टापर बांधलेल्या माणसाने मांडवात शिकवलं. तो मणिपुरी मुलगा पुन्हा भेटणार नाही. भेटला असता तर मी त्याला एवढंच विचारलं असतं, "मणिपूर? मग तिकडे या दिवसांत पाऊस कसा असतो?"

जाता जाता आपल्या भाषेतली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. कोरियन माणूस 'तुम्ही' हा शब्द टाळतो. मराठीने त्याहून निराळी सोय केली आहे. 'आपण' हा शब्द आपण समोरच्याला मान देतानाही वापरतो आणि 'तुम्ही आणि मी मिळून' असं म्हणायचं असलं तरी तोच वापरतो. 'आपण बसा' आणि 'आपण बसू'. म्हणजे 'आपण कुठले?' या प्रश्नाचा एक अर्थ तुम्ही कुठले असा आहे, आणि दुसरा, तुम्ही आणि मी मिळून कुठले, असाही आहे. कविसंमेलनातल्या त्या गृहस्थांनी शब्द अगदी बरोबर निवडला होता. त्यांनी त्याचा अर्धाच अर्थ घेतला.

तेव्हा पुढच्या वेळी एस.टी.त, दवाखान्यात, लग्नात कोणी नवा माणूस भेटला, तर जरूर विचारा, आपण कुठले? तो जे सांगेल ते त्याचं गाव. मग पाऊसपाण्याचं विचारा.

 

(आकाशवाणीसाठी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)